हिरव्या दोऱ्याच्या रास्पबेऱ्या

शेजारच्या नेव्हिलच्या सल्ल्याने आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं, हे क्लेमला ठाऊक होतं. तरीही त्या जुलैत, दक्षिण गोलार्धातल्या ऐन कडाक्याच्या थंडीत, त्याने तो ऐकलाच.

"झुडपांच्या सगळ्या छड्या जमिनीसरशी उडव," नेव्हिल कुंपणापलीकडून म्हणाला. "मी दरसाल तेच करतो. बघतोस ना, रास्पबेऱ्या कशा लगडतात माझ्याकडे!"

क्लेमचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आदल्याच दिवशी होबार्टच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोसमोर, ऊनासमोर, सांगून टाकलं होतं की नाताळपर्यंत निभावेल, पुढचं काही खरं नाही. त्यावर ऊना म्हणाली होती, "नाताळ पुरे. माझ्या रास्पबेऱ्या तेव्हाच पिकतात. पाव्हलोव्ह्याच्या केकवर घालून एकदा खाल्ल्या की मी मोकळी." लग्न झाल्यापासून झुडपांची ती ओळ तिनेच सांभाळली होती, क्लेमकडे फक्त खाण्याचं काम. आता ती अंथरुणाला खिळल्यावर कात्री त्याच्या हाती आली. डॉक्टरवरचा आणि देवावरचा सगळा राग त्याने छड्यांवर काढला, एकही उभी ठेवली नाही.

वसंतात नवे कोंब तरारून वर आले. क्लेम रोज ऊनाच्या खिडकीशी जाऊन बातमी द्यायचा. "गुडघ्याएवढ्या झाल्या गं!" "कमरेला लागल्या!" ऊना मान डोलवायची. पण नोव्हेंबर उजाडला तरी कळीचा पत्ता नाही, तेव्हा त्याने नेव्हिलला बोलावलं.

नेव्हिलने पानं उलटीपालटी केली. "तुझी जात उन्हाळी आहे होय रे?"

"म्हणजे?"

"माझी शरदातली. ती नव्या छडीवर धरते, म्हणून सगळी कापायची. उन्हाळी जात गेल्या सालच्या छडीवर धरते. ती ठेवायची असते, लेका. फळून वाळलेली तेवढी काढायची."

"मग हे तेव्हा का नाही बोंबललास?"

"तू कुठे विचारलंस? पण घाबरू नकोस. पुढच्या नाताळला बादल्या भरशील बघ!"

पुढचा नाताळ! क्लेमला त्याच कात्रीने नेव्हिलची जीभ छाटावीशी वाटली.

ऊनाला खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. "फुलं आलीत," त्याने ठोकून दिलं. फुलं म्हटल्यावर पुढे फळं आली, फळं म्हटल्यावर पाखरं आली आणि पाखरांसाठी जाळी आली. ऊनाच्या उशाशी दुर्बीण असायची, म्हणून जाळी दुहेरी करावी लागली. तिच्यात एक काळं पाखरू अडकून मेलं. क्लेमने त्याला मूठमाती दिली आणि तिथेच बसून ढसाढसा रडून घेतलं. पाखरासाठी रडलेलं चालत होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी त्याने टेकडीवरच्या मळ्यातून टोपलीभर रास्पबेऱ्या आणल्या. वाटीत घालून समोर ठेवायच्या, एवढाच बेत होता. पण ऊना म्हणाली, "उद्या मला बाहेर ने. मी माझ्या हाताने तोडणार."

"अगं, वारा किती असतो..."

"वाऱ्याने मरेन की काय मी?"

संध्याकाळी तिच्या शिवणाच्या डब्यातली सुई नि हिरवा दोरा घेऊन तो जाळीत शिरला. बोटं जाड, फळं मऊ. निम्मी तर हातातच चिरडली.

"काय करतोयस रे?" नेव्हिलने कुंपणावरून विचारलं.

"तुझी करणी निस्तरतोय. इकडे हात कर, सुईत दोरा ओव!"

नेव्हिलने जन्मात पहिल्यांदा सल्ला न देता काम केलं.

सकाळी ऊनाची चाकाची खुर्ची ओळीशी लागली. तिने एक फळ ओढलं. त्याच्याबरोबर वीतभर दोरा आला. क्लेमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्या पोटावर घातले त्यापेक्षा हे टाके बरे आहेत," ती म्हणाली. दोरा काढून तिने फळ तोंडात टाकलं. "टेकडीवरच्या मळ्यातलं. आंबट."

"ऊना, मी..."

"जुलैपासून माहीत आहे मला. पार शेवटच्या छडीपर्यंत कात्रीचा आवाज ऐकत पडले होते."

"मग ओरडली का नाहीस?"

"कापलेली छडी चिकटते का परत? आणि तू रोज मातीत हात घालून काहीबाही बातम्या आणत होतास. तुला गप्प केलं असतं तर उशाशी मढ्यासारखं तोंड करून बसला असतास. आलेल्या माणसाला कळलं नसतं, दोघांतलं जाणारं कोण." तिने दम घेतला. "आता ऐक. या छड्या कापायच्या नाहीत. या पुढच्या नाताळला फळतील."

"पुढच्या..."

"हो. तू खायच्या. आणि त्या नेव्हिलला बागेत पाऊल टाकू द्यायचं नाही."

नवं वर्ष लागलं आणि ऊना गेली. जुलैत नेव्हिल कुंपणाशी येऊन "यंदा..." एवढंच म्हणाला, तर क्लेमने नुसती कात्री दाखवली. तो माघारी फिरला.

नाताळला ओळ फळांनी वाकली. क्लेमने केलेला पाव्हलोव्हा मधोमध खचला होता, तो खड्डा भरायला तो वाटी घेऊन बाहेर आला. एका छडीला हिरवा दोरा अजून तसाच होता, विटलेला. शेजारचं फळ त्याने ओढलं, ते नुसतंच हातात आलं. भरली वाटी घेऊन तो सवयीने खिडकीशी गेला. "पिकल्या गं," तो म्हणाला.

आतून कोण बोलणार? कुंपणापलीकडून मात्र आवाज आला, "मी म्हटलंच होतं, बादल्या भरशील!"

क्लेमने एक बादली गच्च भरली आणि कुंपणावरून नेव्हिलच्या हातात दिली. बागेत मात्र येऊ दिलं नाही.