म्हैसाळकरांचा रोबेर

मी टोकियोजवळच्या ग्योतोकुत राहायला आले त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतल्या म्हैसाळकरकाकांनी मला कचऱ्याच्या जागेपाशी गाठलं आणि गंभीर चेहऱ्यानं बातमी दिली, "आमचा गीयोम गेला हो. घोड्यावरून पडला."

हातातली पिशवी खाली ठेवून मी विचारलं, "अरे देवा! कधी?"

"बाराव्या शतकात. आणि आज प्लास्टिकचा वार नाही, जळणाऱ्या कचऱ्याचा आहे."

काका मूळचे सांगलीचे. टोकियोतल्या एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. आम्ही मराठी मंडळींनी त्यांना परस्पर ब्रह्मचारी ठरवून टाकलं होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना फ्रान्समधल्या वालक्लेर नावाच्या सरदार घराण्याची फाटकी वंशावळ मिळाली, आणि तिच्यापायी काका आधी फ्रेंच शिकले, मग लॅटिन. दिवाणखान्यात सोफ्यामागून निघालेला वंशवृक्ष स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला होता. चौदावं शतक फ्रिजवर होतं. दूध काढायचं तर धाकट्या शाखेला धक्का न लावता दार उघडावं लागे.

गणपतीच्या आरतीनंतर कुणी "आमचे पूर्वज पेशव्यांचे कारभारी" म्हणालं, की काका मोदक खाली ठेवत. "मूळ कागद आहे? नाही ना? मग पूर्वज म्हणू नका, इच्छा म्हणा."

या घराण्यात त्यांचं एकाशीच भांडण होतं. रोबेर, गीयोमचा धाकटा मुलगा. वंशावळीत त्याच्यापुढे एवढंच होतं : अविवाहित वारला. काकांना ते मान्य नव्हतं. का, ते सांगत नसत. सहा वर्षं ते फ्रान्समधल्या मठांना आणि दप्तरखान्यांना पत्रं लिहीत होते, जुन्या कागदांच्या छायाप्रती मागवत होते.

गेल्या वसंतात एका दानपत्राची प्रत आली. काकांनी थेट क्योतो गाठलं, तिथल्या विद्यापीठातल्या एका वयस्कर प्राध्यापकांकडे. "साक्षीदार हवा," म्हणून मलाही रजा काढायला लावली. प्राध्यापकांनी भिंग लावून ओळ वाचली, पुन्हा वाचली. रोबेर आणि त्याची पत्नी इझाबेल यांनी मठाला द्राक्षमळा दिला होता.

"म्हैसाळकर-सान, तुमचंच बरोबर," ते म्हणाले आणि कमरेत वाकले.

काका त्यांच्याहून खाली वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

घरी परतल्यावर त्यांनी मला चहाला थांबवलं आणि रोबेरशेजारी इझाबेलचं नाव शाईनं लिहिलं. मी सहज म्हणाले, "काका, आता म्हैसाळकरांची वंशावळ घ्या."

"ती छापून झाली आहे." त्यांनी कपाटातून घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे काकांचं नाव होतं. पुढे : अविवाहित. वास्तव्य जपान.

"हे छापलं तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मिचिको तिचं नाव. समितीला माहिती अण्णांनी पाठवली. माझे वडील."

मी विचारलं, "तुम्ही दुरुस्ती नाही मागितलीत?"

"अण्णा असेपर्यंत नको म्हटलं. ते गेले, पाठोपाठ मिचिको गेली. मग वाटलं, कुणासाठी?"

"आणि आम्हाला कधी सांगितलंही नाहीत!"

"तुम्ही सगळे भेटलात की नोकरी विचारता, स्टेशनपासून घर किती लांब ते विचारता. बायको कुणी विचारली नाही."

पुस्तकातच नव्या आवृत्तीचा अर्ज घडी घालून ठेवलेला होता. घडीवर मळ चढला होता. काकांनी तो टेबलावर सरळ केला, पेन उघडलं, आणि पत्नीच्या नावाच्या रकान्यापाशी थांबले.

"दोन्ही ऱ्हस्व ना गं? मि आणि चि?" त्यांनी विचारलं. "नीट सांग. आपलं नाव चुकीचं लिहिलेलं तिला चालायचं नाही."