सायकलवरचं अस्वल आणि शेवटचा सेकंद

तक्रार करायची असं बाबांनी ठरवलं आणि ती मी लिहायची असंही त्यांनीच ठरवलं. इथपर्यंत माझा काही दोष नाही.

मी फारशी बोलत नाही. जो बोलत नाही त्याला लिहिता येत असणार, असा आमच्या घरात समज आहे. शाळेत भाषेच्या बाईंनी माझा एक निबंध वर्गात वाचून दाखवला तेव्हापासून तो समज पक्का झाला. (निबंध वाचला जात असताना मी बाकाखाली पेन शोधत होते. पेन हातातच होतं.)

तक्रार होती काडेपेट्यांच्या लेबलांबद्दल. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात आणि उरलेल्या वेळात जुन्या काडेपेट्यांवरची लेबलं जमवतात. एका बंद पडलेल्या कारखान्याने कधीतरी सर्कशीतल्या प्राण्यांची सात लेबलं काढली होती. त्यांतली सहा आमच्या बाहेरच्या खोलीत एका फ्रेममध्ये आहेत. सातव्याची जागा रिकामी आहे. पाहुणे हमखास विचारतात, "इथे काय आहे?" बाबा म्हणतात, "अस्वल. सायकलवर." पाहुणे पुढे वाकून पुन्हा बघतात आणि मग आईकडे बघतात.

ही लेबलं एका वेबसाइटवर लिलावात मिळतात. बाबांची बोली लावायची पद्धत सरळ होती. मनात जी किंमत असेल ती पहिल्याच दिवशी लावायची आणि स्वस्थ बसायचं. लिलाव आठवडाभर चालायचा, बाबा आठवडाभर सगळ्यांत पुढे असायचे आणि अगदी शेवटच्या सेकंदाला कोणीतरी किंचित जास्त बोली लावून लेबल उचलून न्यायचा. साइटवर बाबांचं नाव 'सरळमार्गी' आहे. ते नाव घेऊन हरताना त्यांना जास्त लागायचं.

"ही चोरी आहे," बाबा म्हणायचे.

"चोरी कशी?" आत्या म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, ती आमच्याकडेच राहते. "त्याने पैसे जास्त दिले ना, बाळ्या?"

"प्रश्न पैशांचा नाही, ताई. मला उत्तर द्यायला वेळ नको?"

आईचं मत बाबांसारखंच होतं, पण वेगळ्या कारणाने. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि नंबर लावते. "आमच्याकडे पण येतात असे," ती म्हणायची. "दार लावायच्या वेळी गाल धरून उभे राहतात. सकाळपासून नंबर लावून बसलेला तसाच बसतो आणि हा खुर्चीत."

तर मी तक्रार लिहिली. बाबांनी सांगितलेला मजकूर एवढाच होता: 'शेवटच्या सेकंदाची बोली बंद करा.' हे फार तुटक वाटत होतं. बाई म्हणतात, नुसती तक्रार करू नये, उपायही सुचवावा. म्हणून मी लिहिलं, 'अखेरच्या मिनिटात बोली आल्यास सर्वांना विचार करण्यासाठी आणखी पाच मिनिटे मिळावीत, आणि प्रत्येक नव्या बोलीगणिक ती पुन्हा मिळत राहावीत.' मग शेवट जरा उंचीवर न्यावा असं वाटलं. 'खऱ्या संग्राहकाला वस्तूपेक्षा ती कोणत्या मार्गाने मिळाली याचे मोल अधिक असते. स्पर्धेवाचून हाती आलेले लेबल आमच्या भिंतीला शोभणार नाही.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. "हे मला असंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण मला माहीत नव्हतं."

साइटकडून उत्तर आलं नाही. अस्वल मात्र आलं.

रविवारी दुपारी संपणारा लिलाव होता. फोटोत अस्वल सायकलवर बसून आमच्याकडेच बघत होतं. बाबा संबंध संध्याकाळ त्या फोटोसमोर बसून होते. जेवताना म्हणाले, "या वेळी आपण शेवटच्या सेकंदाला लावू."

आईचा घास हातातच राहिला. "अहो, ती चोरी असते ना?"

"चोराच्या घरात केलेली चोरी ही चोरी नसते."

"मग काय असते?" आत्याने विचारलं.

"वसुली," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

आईने एक अट घातली. बाहेरच्या खोलीच्या पडद्यांसाठी जे पैसे बाजूला ठेवले होते तेवढ्यातच काय ते बसवायचं. एक दमडी वर नाही.

मग तालीम सुरू झाली. बाबांचा हात ऐन वेळी थरथरतो (काच बसवताना थरथरत नाही, असं ते म्हणतात), म्हणून बटण मी दाबायचं. आईने सेकंद मोजायचे, कारण तिला दवाखान्यात नंबर पुकारायची सवय आहे. आत्याने काहीही करायचं नाही आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. तालमीत सगळं बिनचूक झालं. फक्त आईने एकदा सवयीने "पुढचे कोण?" म्हटलं आणि मी घाबरून बटण दाबलं. नशीब, कॉम्प्युटर बंद होता.

रविवारी दुपारी आम्ही चौघं कॉम्प्युटरसमोर बसलो. 'आरामखुर्ची' नावाचा कोणीतरी सगळ्यांत पुढे होता. त्याने बोली पहिल्याच दिवशी लावली होती. हुबेहूब बाबांसारखी.

"बिचारा," बाबा म्हणाले. तेवढ्यापुरतंच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लगेच ते म्हणाले, "लक्ष दे, चिंगे."

आईने मोजलं. मी दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: 'सरळमार्गी, तुमची बोली सर्वांत मोठी आहे.' बाबांनी डोळे मिटले. आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला, हे तिचं कौतुक असतं.

मग घड्याळ शून्यावर गेलं आणि शून्यावरून पाच मिनिटांवर गेलं.

"हे काय?" आई म्हणाली.

खाली एक सूचना आली होती. 'आजपासून अखेरच्या मिनिटात बोली आल्यास लिलाव पाच मिनिटांनी वाढेल. ही मौलिक सूचना करणारे आमचे जागरूक सदस्य सरळमार्गी यांचे आभार.' त्याखाली माझं पत्र होतं. सगळंच्या सगळं.

बाबा ते मोठ्याने वाचू लागले. पूर्ण वाचलं. मध्ये एका ठिकाणी थांबून "छान उतरलंय" असंही म्हणाले. वाचून होईपर्यंत मिनिटं संपत आली होती आणि आरामखुर्चीने किंचित जास्त बोली लावली होती.

"लाव," बाबा म्हणाले. मी लावली. पाच मिनिटं वाढली. चार मिनिटं काहीच झालं नाही. पाचव्या मिनिटाला आरामखुर्ची उठली.

असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. आत्या चहा टाकून आली, चहा उतू गेला, पुन्हा टाकला, तो पिऊन झाला. आरामखुर्ची तितक्याच शांतपणे प्रत्येक वेळी थोडी वर सरकत होती. घाई नाही, गडबड नाही.

"हा माणूस मुद्दाम करतोय," बाबा म्हणाले.

"विचार करतोय," आत्या म्हणाली. "तूच त्याला वेळ मागून दिलास."

शेवटी पडद्यांचे पैसे संपले. मी हात मागे घेतला. तर आईने खुर्ची पुढे ओढली. "लाव गं आणखी."

"अगं, अट तुझीच होती," बाबा म्हणाले.

"पडदे राहू देत. आपण आधी आलोय. हा कोण मागून येणारा?"

"तो आधी आला होता," मी म्हणाले. मी क्वचित बोलते आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या वेळी असतं. आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती दवाखान्यात विनानंबराच्या माणसाकडे बघत असेल.

बाबांनी फ्रेमकडे पाहिलं, मग बिनपडद्याच्या खिडकीकडे पाहिलं. "बास," ते म्हणाले.

पण 'बास' म्हटल्यावरही पाच मिनिटं शिल्लक होती. आम्ही चौघं ती संपायची वाट बघत बसलो. कोणाला काही करायचं नव्हतं. अस्वल सायकलवर बसून होतं.

"ही पद्धत अमानुष आहे," बाबा हळूच म्हणाले. "हरायचंच तर माणसाने एका सेकंदात हरावं."

दुसऱ्या दिवशी बाबांमधला खिलाडूपणा जागा झाला. विजेत्याचं अभिनंदन करायला हवं, असं ते म्हणाले. अर्थात लिहायचं मी. मी चार ओळी लिहिल्या आणि त्यांत 'पराभवाचे शल्य नाही' असंही लिहिलं. (बाबा तेव्हा फ्रेमकडे पाठ करून बसले होते.)

उत्तर आलं ते असं: 'महोदय, आपला आभारी आहे. मी सावकाश माणूस. पूर्वी माझा चष्मा सापडेपर्यंत लिलाव संपून गेलेला असे. आपल्या सूचनेमुळे मला आयुष्यात प्रथमच काहीतरी जिंकता आले. खरे तर या अस्वलाची एक प्रत माझ्याकडे आधीपासून आहे, कोपरा जरा दुमडलेला आहे इतकेच. ती आता जास्तीची झाली. दुसऱ्या कोणाला मी ती सहज पाठवून दिली असती. परंतु स्पर्धेवाचून हाती आलेले लेबल आपल्या भिंतीला शोभणार नाही, हे आपले विचार वाचले आणि आपला अपमान करण्याचे धैर्य झाले नाही. आपल्या भाषेवरून आपण वयाने माझ्याहून बरेच मोठे असावेत असे वाटते. मी एक्क्याऐंशीचा आहे. नमस्कार स्वीकारावा.'

मग आत्या हसायला लागली आणि तिला पाणी द्यावं लागलं.

"आता?" बाबा माझ्याकडे बघत म्हणाले.

"मी लिहिते ना," मी म्हणाले. "तत्त्व आणि व्यवहार यांतला सूक्ष्म फरक स्पष्ट करून—"

"तू सरक," आत्या म्हणाली. तिने चष्मा लावला आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत लिहिलं: 'जास्तीचं असेल तर द्या की. भिंत आमची आहे, तिचं आम्ही बघू.'

खाली पत्ता घालून तिने ते पाठवूनही दिलं. बाबा कपाळाला हात लावून बसले.

चार दिवसांनी पाकीट आलं. अस्वल खरंच सायकलवर होतं, कोपरा खरंच दुमडलेला होता. बाबांनी ते फ्रेममध्ये बसवलं तेव्हा त्यांचा हात जरासुद्धा थरथरला नाही. आई म्हणाली, दुमडलेला कोपरा लांबून दिसत नाही. जवळूनही तिने पाहिलं, बराच वेळ.

आभार मानायला हवे होते. मी लिहायला बसले आणि पहिलं वाक्य मला खूपच छान सुचलं. तिघांनीही एकदमच "तू नको" म्हटलं. आत्याने 'पोचलं. आवडलं.' असं लिहिलं. 'पाठवा' हे बटण मला दाबू दिलं, पण त्याआधी आईने स्क्रीन नीट वाचून मी मधे काही घातलं नाही ना, याची खात्री करून घेतली.