नळाचे चार तास

परदेशी मदत मोजणाऱ्या खात्यात त्यांना सगळे ‘व्याख्याकाका’ म्हणत. मदत कशाला म्हणायचं, या एका वाक्यावर ते अकरा महिने बसून होते. आतापर्यंत देणारा देश सांगेल ती मदत. त्याच्या तज्ज्ञाचं विमानभाडं मदत, हॉटेल मदत, ‘यंत्रं आमच्याकडूनच घ्या’ ही अटसुद्धा मदतच. काकांचं म्हणणं एवढंच, की किती पोचलं ते घेणाऱ्याला विचारा. त्यासाठी त्यांनी घेणाऱ्याने भरायचा एक तक्ता केला होता. उद्या तो देणाऱ्या-घेणाऱ्या देशांच्या समितीपुढे जायचा होता. नामंजूर झाला, तर पाच वर्षं जुनंच माप चालणार आणि काका तर सहा महिन्यांत निवृत्त.

संध्याकाळी त्यांना नेहमीप्रमाणे शंका आली. हे कुणाला कळेल तरी का? त्यांनी एक प्रत बायकोपुढे सरकवली.

“अगं, एवढं भरून बघतेस? समज, तुला कुणीतरी मदत केलीय.”

“कुणी?”

“कुणी म्हणजे… मी. रविवारी नळ नाही का दुरुस्त केला?”

काकूंनी चष्मा लावून पेन मागितलं. मागताना त्यांचा चेहरा फारच प्रसन्न झाला होता. काकांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

भरलेला कागद सकाळी बसमध्ये निवांत वाचू म्हणून त्यांनी फायलीत सगळ्यात वर ठेवला. बसमध्ये उभं राहावं लागलं. कचेरीत प्रती काढणाऱ्या बाईंनी रिवाजाप्रमाणे वरचा कागद उचलला आणि त्याच्या तीस प्रती काढल्या.

समितीच्या खोलीत आधी एकजण खुदकन हसला, मग दुसरा. काकांनी समोरच्या प्रतीवरचं अक्षर ओळखलं. ते काकूंचं होतं. तोवर अध्यक्षबाई मोठ्याने वाचू लागल्या होत्या.

“‘देणाऱ्याचं म्हणणं: चार तास दिले. प्रत्यक्ष काय पोचलं: पाणी, पण जमिनीवर. तज्ज्ञाचा खर्च: चार कप चहा, घेणारीकडून. अट: पाना दिरांच्याच दुकानातला हवा. तो बसला नाही. काम शेवटी कुणी केलं: प्लंबरने, वीस मिनिटांत. देणाऱ्याने मदत किती वेळा मोजली: नणंदेला फोनवर एकदा, शेजाऱ्यांना दोनदा, मला रोज.’”

“बाई, तो चुकून…” काका अर्धवट उठले.

“थांबा हो!” देणाऱ्या देशांचे एक जाडजूड प्रतिनिधी उसळले. “माणसाने चार तास दिले ना? ते मोजायलाच हवेत! त्याची नियत बघा!”

“नियत नळाला गुंडाळायची का?” घेणाऱ्या देशांच्या एक इंजिनिअरबाई म्हणाल्या. “आमच्या पंपाचं हेच झालं. तज्ज्ञ तीन महिने राहिला, जेवू आम्ही घातलं, आणि पंप चालू केला गावातल्या सायकलवाल्याने!”

“पण चहा तरी त्याने आनंदाने घेतला असेल…”

“मग तो चहा आमच्या खात्यात मदत म्हणून धरा!”

दोन तास फक्त नळावर वाद झाला. आजवर व्याख्येवर कुणी दोन मिनिटंही बोललं नव्हतं. शेवटी मतं मोजली. नळाचे चार तास मदत नाहीत, असं बहुमताने ठरलं आणि त्या ठरावाबरोबर तक्ताही मंजूर झाला.

“ही घेणारी कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आमच्या… घरची.”

“त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा. तक्ता कसा भरायचा ते त्याच समजावतील.”

घरी काका दारातूनच म्हणाले, “मंजूर झाला! पण माझा नाही, तू भरलेला.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकू हसून हसून खुर्चीत बसल्या.

“येशील ना मग बैठकीला?”

“जाईन की. पण त्या दिवशी तुम्ही रजा टाका.”

“का गं?”

“नाहीतर तिथेही मदत कराल.”

काकांनी तिथेच रजेचा अर्ज लिहायला घेतला. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता त्यांनी तो पुरा केला. अकरा महिन्यांत त्यांच्या हातून असं प्रथमच घडत होतं.