शर्वाणीबाईंच्या ओल्या अंगठ्यांची बखर

श्री. दिवा लावणारास नमस्कार, आणि दिवा उलटा करून पाहणारास त्याहून मोठा नमस्कार. "वरून सुकलं म्हणजे आतपर्यंत सुकलं असं धरू नकोस गं. ओलं राहिलेलं नखांच्या रंगाचं जेल कातडीला लागत राहिलं की खाज उठते, आणि अंगानं एकदा ते नाकारलं की जन्मभर नाकारतं," ऐसे फरीदाबाईंनी, ज्यांजपाशी आम्ही पंधरा दिवस नखविद्या शिकलो, शेवटल्या दिवशी निक्षून सांगितले होते. आम्ही मान डोलाविली आणि मनात म्हटले, नखांचा रंग तो, त्याची इतकी काय दहशत. रसायनशास्त्राची पदवी पदरी असून ऐसे म्हटले, हे आधी कबूल करून मग पुढील मजकूर लिहितो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी जे घडले ते येणेप्रमाणे. एक राज्य होते. मुलूख म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि एक बंदिस्त गॅलरी. गॅलरीत आमचे तख्त, म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, बाटल्यांची फळी आणि जेल सुकविण्याचा जांभळ्या उजेडाचा दिवा. गॅलरीच्या उंबऱ्यास उशांची तटबंदी केली होती, कारण धाकट्या बाईसाहेब, वय महिने दहा, नुकत्याच रांगून मुलूख मारू लागल्या होत्या आणि जे हाती येईल ते तोंडात घालून त्याची परीक्षा करीत होत्या. घरचे राव, म्हणजे आमचे यजमान, दिवसा कचेरीच्या स्वारीवर असत आणि राज्याचा कुलाचार सासूबाई मातोश्री सांभाळीत. दिवा दसऱ्यास घेतला, त्याची शस्त्रांबरोबर पूजा जाहली, आणि तेव्हापासून बायका येत, नखे रंगवून घेत आणि नावाजून जात, ऐसा दोन महिने अंमल सुखाने चालला.

अष्टमीचे दुपारी पहिल्या मजल्यावरील प्रमिलाकाकूंच्या कन्या शर्वाणीबाई वर आल्या. लग्न द्वादशीस, मेंदी दशमीस, आणि नखे गडद मरून पाहिजेत म्हणोन हट्ट. "वहिनी, असा रंग दे की फोटोत काळा दिसता कामा नये आणि लाल तर मुळीच नको," ऐसे फर्माविले. आम्ही नखे पुसली, घासली, पहिला हात दिला, दिव्याखाली धरविला, मग मरूनचा हात दिला, आणि घाई होती म्हणोन तो अंमळ जाड दिला, आणि मग आणखी एक दिला, आणि त्यावर चकाकीचा हात फिरविला. आठ बोटे दगडासारखी कडक जाहली. दोन्ही अंगठे मात्र साईसारखे सुरकुतले. "अगं, हे चिकटतंय," शर्वाणीबाई म्हणाल्या. तेव्हा आम्ही जे उत्तर दिले ते या बखरीतील सर्वांत काळे अक्षर होय. आम्ही म्हणालो, "हवा लागली की होईल." जेल हवेने सुकत नाही, उजेडाने सुकते, हे आम्हांस ठाऊक होते. बाई आमच्या शब्दावर विश्वासून खाली गेल्या.

नवमीचे सकाळी त्या परत आल्या त्या अंगठे मुठीबाहेर धरून. रात्रीतून उशीच्या अभ्र्याचे धागे आणि दोन केस त्यांवर चिकटले होते, हे सोसता आले असते, परंतु नखांच्या कडेची कातडी लाल होऊन खाजत होती. आम्ही विचारले, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "पहाटेपासून. पण तू आईला सांगू नकोस, ती उगीच धसका घेईल." इतक्यात धाकट्या बाईसाहेबांनी उशांचा तट ओलांडला आणि येऊन आमचा अंगठा तोंडात धरला, कारण दात येत होते. आणि आमच्या अंगठ्यास तोच मरून होता. आदल्या दिवशी रंग कैसा दिसतो हे पाहावयास त्याच दिव्याखाली लाविला होता. बाईसाहेबांचे तोंड धुतले, त्यांनी सर्व इमारतीस ऐकू जाईल ऐसा निषेध नोंदविला, आणि आम्ही एका हाती मोजा घालून दुसऱ्या हाताचा तो अंगठा पुसून घासून मोकळा केला, आणि बालवैद्यांस फोन केला. ते म्हणाले, ओठांभोवती पुरळ येते का पाहात राहा. दिवसभर पाहिले, आले नाही, तरी अजूनही पाहतो.

मग मसलत बसली. मातोश्री म्हणाल्या, "लग्नघरातली मुलगी, तेलाचा हात लागला असेल." कचेरीतून राव फोनवर म्हणाले, "बाटली खोटी असेल. नाहीतर बॅटरीवर चालवलास का दिवा? आणि हे बघ, घरात बाळ आहे, तू हे बंदच कर." आम्ही म्हणालो, "बंद केलं तर शर्वाणीचे अंगठे सुकणार आहेत का?" ते म्हणाले, "लोकांना कळलं तर काय म्हणतील?" आम्ही म्हणालो, "आधी मला तर कळू दे." आणि फोन ठेविला. मनात भय होतेच, परंतु भ्यालेल्या माणसाने हात गुंडाळून बसावे ऐसा कायदा आमच्या राज्यात नाही. शर्वाणीबाईंस सांगितले, "दुपारपर्यंत वेळ दे. तोवर अंगठे कशालाच लावू नकोस, डोळ्यांना तर नकोच."

श्रीखंडाच्या डब्याचे झाकण घेतले. त्यावर त्याच मरूनचे थेंब ओळीने मांडले, काही जाड, काही कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, आणि झाकण दिव्याखाली सरकविले. मिनिट होताच दात कोरावयाची काडी घेऊन एकेक थेंब टोचून पाहिला. मधले पातळ थेंब कडक. मधले जाड थेंब वरून कडक आणि आतून काकवीसारखे. कडेचे थेंब मात्र जाड असोत की पातळ, सगळे ओले. तेलाचा दोष म्हणावा तर झाकणास तेल कोठून लागले? बाटलीचा म्हणावा तर एकाच बाटलीचे काही सुकले, काही नाही. म्हणजे फितुरी उजेडात आहे, आणि तीही कडेच्या उजेडात, जेथे माणूस अंगठा ठेवितो, ऐसे आमच्या ध्यानी आले. मग आम्ही दिव्याची वायर काढिली आणि तो उलटा केला.

आत पाहतो तो नव्या मालावर असते ते पातळ प्लास्टिक जैसे होते तैसे चिकटलेले. आणि त्या प्लास्टिकवर, दोन्ही कडांच्या बल्बांसमोर, हळदीकुंकवाची बोटे. एकावर एक, शुक्रवारावर शुक्रवार, नऊ आठवड्यांची पुटे. मधूनमधून आमच्याच कुंचल्याचे उडालेले जेलचे थेंब त्यांवर वाळलेले. आम्ही हाक मारिली, "आई, हे काय?" मातोश्री पदराला हात पुसत आल्या. "अगं, दसऱ्याला मी बाहेरून लावलं तर तूच म्हणालीस, बायकांना डाग दिसतो. म्हणून आतून लावत होते. तुझ्या हाताला यश यावं म्हणून." "आणि प्लास्टिक?" "ते कशाला काढायचं? दिवा नवा राहतो." या राज्यात टीव्हीचा रिमोट पिशवीत नांदतो, फ्रिजच्या मुठीस झबले असते आणि सोफ्याचे वेष्टन धाकट्या बाईसाहेबांच्या जन्माआधीपासून उतरलेले नाही, हे आम्ही रोज पाहात होतो, आणि दिवाही त्याच कुलाचारात गेला असेल हे एकदाही मनात आले नाही. जांभळा उजेड पिवळ्या हळदीत शिरला की तेथेच मुरतो. फिके रंग थोडक्या उजेडावर भागवून नेत होते, म्हणोन दोन महिने कळले नाही. गडद मरूनास पुरा उजेड पाहिजे होता, तो मिळाला नाही.

आम्ही प्लास्टिकचे टोक नखाने उचलिले आणि मातोश्रींच्या देखत टरकन ओढून काढिले. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरीला जे झालं ते माझ्यामुळे?" आम्ही म्हणालो, "नाही आई. दिवा माझा. उलटा करून बघायचं काम माझं होतं. आणि हवा लागली की होईल, हे मी म्हणाले, तुम्ही नाही. पण यापुढे माझ्या यशाला टेबलाच्या पायापाशी कुंकू लावा, दिव्याच्या पोटात नको." त्या म्हणाल्या, "रिमोटची पिशवी तरी ठेव." ती ठेविली. तह जाहला. बल्ब पुसले, दुसऱ्या झाकणावर पातळ थेंब मांडून तपासले, कडेचेही थेंब खणखणीत सुकले.

मग हातमोजे, कापूस आणि अ‍ॅसिटोन घेऊन आम्ही खुद्द पहिल्या मजल्यावर चालून गेलो. प्रमिलाकाकू साड्यांच्या घड्या घालीत होत्या. आम्ही सर्व हकीकत सांगितली, हळदीची मात्र नाही, चूक आमची म्हणोन सांगितली, आणि म्हणालो, "अंगठ्यांचं सगळं उतरवते, आणि लाली जाईपर्यंत नखं मोकळी राहू देत." काकू म्हणाल्या, "मोकळी? उद्या मेंदीला मुलाकडच्या बायका येणार, आणि आठ बोटं रंगलेली, दोन नागडी? वरून अजून एक हात मार की गं, चकाकलं म्हणजे झालं." आम्ही म्हणालो, "नाही मारणार." "अगं, मी सांगतेय ना." "काकू, तुम्ही सांगा नाहीतर अख्खी इमारत सांगू दे. ओल्यावर मी हात फिरवणार नाही." शर्वाणीबाई एकदा आईकडे पाहात आणि एकदा अंगठ्यांकडे पाहात. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, लग्नानंतर काढू. पाच दिवसांनी काय होतं?" आणि संध्याकाळी माय-लेकी बाजारातील एका दुकानी जाऊन त्या ओल्या मरूनवर चकाकीचे दोन हात चढवून आल्या.

दशमीस मेंदी. शर्वाणीबाईंनी आम्हांस बोलावून अंगठा दाखविला. "बघ, झाला की नाही कडक?" आम्ही भर बायकांत म्हणालो, "वरचं कडक झालंय. खालचं तसंच आहे, ते आता कडेनं कातडीत उतरेल. खाज थांबली का?" त्यांनी अंगठा मुठीत घेतला. प्रमिलाकाकू म्हणाल्या, "आमच्या कार्यात हे अभद्र बोलणं नको. ज्यांनी बिघडवलं त्यांनी शिकवूही नये." बायका माना वळवून बघू लागल्या. आम्ही म्हणालो, "मीच बिघडवलं, म्हणूनच सांगतेय. दुसरं कोण सांगणार?" आणि मेंदी न काढिता वर आलो. डोळ्यांस पाणी आले होते, ते जिन्यातच पुसले.

त्याच घटकेस इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीरनामा काढिला की, दसऱ्यापासून ज्या ज्या बायकांनी तिसऱ्या मजल्यावर नखे करून घेतली त्यांनी येऊन हात दाखवावे, दिव्यात दोष होता, चूक माझी आहे. राव घरी आले ते लाल होऊन. "पुसून टाक ते. कोणी येणार नाही आता तुझ्याकडे." आम्ही म्हणालो, "न येवोत. पण ज्या येऊन गेल्यात त्यांची बोटं माझ्या जबाबदारीची आहेत." त्यांनी आमच्याकडे पाहिले, धाकट्या बाईसाहेबांस कडेवर घेतले आणि म्हणाले, "बरं. मी हिला धरतो, तू बघ त्यांची." अकरा जणी आल्या. आठ जणींचे निर्मळ निघाले. तिघींचे अंगठे आतून मऊ होते, ते आम्ही पुसून मोकळे केले, आणि त्यांतील एकीस कडेला बारीक फोड होते, तिला कातडीच्या वैद्यांकडे धाडिले. वैद्यांनी सांगितले की वेळेत आली, परंतु यापुढे जेलच्या वाटेस जाऊ नये, आणि दातात सिमेंट भरावयाची वेळ आली तर दातांच्या वैद्यांसही हे सांगावे, कारण त्यात याच कुळीची रसायने असतात. हे ऐकून आम्हांस शर्वाणीबाईंचे भय दुणावले.

द्वादशीस लग्न लागले. आम्ही आहेर म्हणोन एक डबी दिली. आत अ‍ॅसिटोन, कापूस, हातमोजे आणि चिठी की, बाई, तुझ्यावर रागावले नाही, पण ही डबी आधी उघड आणि मग बाकीचे आहेर. चार दिवसांनी फोनवर त्या हसून म्हणाल्या, "वहिनी, कुठल्या बॅगेत गेली तेच कळत नाही गं." मग हळूच म्हणाल्या, "भांडी घासताना जरा झोंबतं." मग मागून कोणी हाक मारिली आणि फोन बंद जाहला. त्यानंतर एक फोटो आला, सासरचे सर्व लोक उभे आहेत आणि शर्वाणीबाईंनी दोन्ही अंगठे मुठीत घेतले आहेत. लग्नास आज नववा दिवस. आमच्या निरोपांस उत्तर नाही. प्रमिलाकाकू जिन्यात भेटल्या तर म्हणतात, "सुखात आहे माझी लेक," आणि चालू लागतात.

एकुणात सारांश इतकाच. हात पातळ द्यावा, अंगठे वेगळे धरवावे, दिव्याचे पोट मोकळे ठेवावे, ओले राहिले तर ओले म्हणावे आणि त्यावर चकाकी चढवू नये. राज्य आम्ही सोडिले नाही, सोडणारही नाही. परंतु शर्वाणीबाईंपाशी आमचा हात पोहोचत नाही, म्हणोन वाचणारांस विनंती. पूर्वेकडील नव्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीसमोरील इमारतीत, पाचव्या मजल्यावर नवी सून आली आहे. आपण त्या बाजूस राहात असाल तर बेल वाजवावी, विरजण मागावयाचे निमित्त करावे, आणि ती वाटी देईल तेव्हा तिच्या हाताकडे पाहावे. कडेची कातडी लाल असेल, सोलली असेल, तर आत जाऊन तिच्याजवळ बसावे, सासरचे कोणी काही म्हणाले तरी उठू नये, आणि तिला वैद्यांकडे घेऊन जावे. आणि काहीच नसेल, सगळे बरे असेल, तरी आम्हांस कळवावे.