चार चकत्या आणि एक जावई

योजना, आवृत्ती एक

यज्ञेशचं म्हणणं एवढंच होतं, की बाळंतपण म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. नीट आखणी केली की सगळं वेळेवर होतं. पवईच्या ऑफिसात तो दिवसभर आखण्याच करायचा. चाळीस माणसांची कामं तारीखवार लावून देणाऱ्याला एका बाळाचं येणं काय जड जाणार?

म्हणून त्याने टेन्स मशीन आणलं.

मोबाइलहून लहान, पांढरं खोकं. त्यातून निघालेल्या वायरींच्या टोकांना चार चिकट चकत्या. चकत्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि खोकं चालू करायचं, की पाठीत बारीक मुंग्या यायला लागतात. कळ आली की 'बूस्ट' नावाचं बटण दाबायचं. मग मुंग्यांचे मुंगळे होतात, मेंदू त्या मुंगळ्यांकडे बघत बसतो आणि कळेकडे त्याचं जरा दुर्लक्ष होतं. निदान यज्ञेशने सासूबाईंना समजावलं ते असं.

"म्हणजे बाळंतिणीला करंट द्यायचा," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"अगदी सौम्य, आई. बॅटरीवर चालतं."

"भिंतीवरचं घड्याळही बॅटरीवर चालतं. ते काय कोणी कमरेला बांधत नाही."

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली गंधाली हसली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती सातव्या महिन्यापासून मुलुंडला माहेरी होती. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मायलेकी दोघीच. यज्ञेश बोरिवलीला राहायचा आणि ऑफिस सुटल्यावर इथे येऊन, जावई म्हणून, भुकेपेक्षा तीन पोळ्या जास्त खाऊन जायचा.

खरी गोम मशीनमध्ये नव्हतीच. डॉक्टर क्षमाताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे प्रसूतीच्या खोलीत एकच माणूस. नवरा चालेल, आई चालेल, दोघं चालणार नाहीत."

सुलक्षणाबाईंच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला होता. "माझ्या वेळी आत कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या होत्या. "तेव्हाच ठरवलं, हिच्या वेळी मी असेन."

यज्ञेशकडे एवढं वजनदार कारण नव्हतं. त्याला फक्त बाळाचं तोंड सगळ्यांच्या आधी बघायचं होतं. पण सासूच्या समोर बसून, तिने वाढलेली तिसरी पोळी खाताना हे कसं बोलायचं? मग तो म्हणाला, "मशीन चालवायला माहितगार माणूस लागतो."

"बघू," गंधाली म्हणाली. या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

मशीनला डॉक्टरांची हरकत नव्हती. अट एकच: कळा सुरू झाल्यावरच लावायचं, तोवर हात लावायचा नाही. यज्ञेशने ते घरच्या वाय-फायला जोडून दिलं. बटण दाबलं रे दाबलं, की याच्या फोनवर नोंद. मग हा पवईत असो नाहीतर पाताळात.


आवृत्ती दोन

मंगळवार. मीटिंग. यज्ञेशचा फोन टेबलावर पालथा.

११.४२ बूस्ट
११.४८ बूस्ट
११.५३ बूस्ट

त्याने फोन सुलटा केला.

११.५९ बूस्ट

डॉक्टर म्हणाल्या होत्या, कळा सुरू झाल्याशिवाय लावायचं नाही. लावलंय. म्हणजे कळा सुरू झाल्यात. साडेपाच-सहा मिनिटांच्या अंतराने, घड्याळ लावून. चाळीस माणसांपैकी एकानेही आजवर इतक्या नियमाने काम केलं नव्हतं.

गंधालीला फोन. उचलत नाही. सासूबाईंना फोन. उचलत नाहीत. पुन्हा गंधालीला.

१२.०४ बूस्ट

तो जिन्यातून उतरता उतरता नर्सिंग होमशी बोलला. त्यांनी ॲम्ब्युलन्स धाडली. रिक्षात बसून त्याने वडिलांना, म्हणजे श्यामसुंदररावांना, बोरिवलीला फोन लावला.

"बाबा, कळा सुरू झाल्या."

"अरे वा. सूनबाईंनी कळवलं?"

"मशीनने कळवलं."

श्यामसुंदररावांनी बेस्टमध्ये तेहतीस वर्षं काढली होती. अफवा आणि बातमी यांतला फरक त्यांना कळायचा. ते म्हणाले, "मग आधी माणसांना विचार."

"माणसं फोन उचलत नाहीत."

"मशीन लावून घ्यायला वेळ आहे आणि फोन उचलायला नाही?"

रिक्षा गांधीनगरच्या सिग्नलला उभी होती, तेव्हा १२.२१ ची नोंद आली. भांडुपला १२.२७ ची. यज्ञेश रिक्षावाल्याला म्हणाला, "दादा, जरा घ्या ना पुढे." रिक्षावाल्याने समोरच्या बसकडे बोट दाखवलं, आणि मग दोघंही त्या बसकडे बघत बसले.


आवृत्ती दोन, दुसरी बाजू

आता मुलुंडच्या घरात काय चाललं होतं, तेही सांगायला हवं.

सुलक्षणाबाई डिंकाचे लाडू करत होत्या. बाळंतिणीला दीड महिना पुरले पाहिजेत, म्हणून तीन किलो. खारीक मिक्सरमधून काढायची होती. आणि खारीक मिक्सरमध्ये पडली, की शेजारचे लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. एक भांडं फिरवायचं, वाकून जमिनीवरच्या परातीत उपसायचं, की कमरेतून सणक. दुसरं भांडं, परत वाकायचं, परत सणक. साडेपाच मिनिटांना एक भांडं.

मशीन कपाटावर नुसतं पडून होतं. डॉक्टरांनी हात लावायचा नाही सांगितलं होतं, पण ते गंधालीसाठी. सुलक्षणाबाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं.

गंधाली खालच्या पार्लरमध्ये होती. दोन महिन्यांत तिला स्वतःच्या पायाची बोटं दिसली नव्हती. कोणीतरी ती बघावीत, घासावीत आणि आहेत म्हणून सांगावं, एवढ्यासाठी ती पाय टबात सोडून बसली होती. फोन वर घरात, चार्जिंगला, मिक्सरच्या शेजारी.


लिफ्टचं दार उघडलं, तर समोर चाकांची खुर्ची. खुर्चीत सासूबाई.

गाऊनच्या गळ्यातून वायर निघालेली, मांडीवर पांढरं खोकं, हाताला तूप. मागे ॲम्ब्युलन्सचा दशरथ खुर्ची ढकलतोय, आणि समोरच्या दारातल्या काकू आतून एकेकाला बोलावून दाखवतायत.

"आई?" यज्ञेश म्हणाला.

"आज लवकर आलात? जेवलात का?"

"गंधाली कुठेय?"

"पार्लरला." सुलक्षणाबाईंनी दशरथकडे मान वळवली. "यांना मी पंधरा वेळा सांगितलं, मी पेशंट नाही. अठ्ठावन्न वर्षांची आहे. ऐकतच नाहीत."

"साहेब, डिलिव्हरीचा कॉल होता," दशरथ म्हणाला. "दार उघडलं तर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या, अंगाला वायरी. मी म्हटलं वय काय विचारायचं, हल्ली काही सांगता येत नाही."

"मग तुम्ही खुर्चीत बसलात कशाला?"

"कंबर दुखत होती," सुलक्षणाबाई शांतपणे म्हणाल्या. "ते म्हणाले बसा, बसले."

तेवढ्यात गंधाली जिन्यावरून एकेक पायरी चढत आली, कारण लिफ्ट खुर्चीने अडवली होती. पायाची दहाही नखं गुलाबी. तिने आईकडे पाहिलं, दशरथकडे पाहिलं, घामाने निथळणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"कोण चाललंय?" तिने विचारलं.

कोणीच चाललं नव्हतं. दशरथला चहा आणि दोन कोमट लाडू देऊन परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "मशीन चांगलं आहे पण. मावशींना गुण दिसतोय." यज्ञेशने वडिलांना फोन करून सांगितलं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं, पण ते 'बरं' बराच वेळ कानात राहिलं.


आवृत्ती तीन

त्याच संध्याकाळी यज्ञेशने मशीनला कुलूप घातलं.

कुलूप म्हणजे फोनमधलं. आता त्याचा फोन जवळ असल्याशिवाय मशीन चालणार नव्हतं. शिवाय दर वीस मिनिटांनी ते फोनला विचारणार: चालू ठेवू का? फोनवर 'हो' दाबलं तर चालेल, नाहीतर बंद.

"पुन्हा असा घोटाळा नको," तो सगळ्यांना म्हणाला. मनात मात्र हिशेब वेगळा होता. मशीन आत गेलं, तर फोन आत जाणार. फोन आत गेला, तर यज्ञेश आत जाणार. सुलक्षणाबाई लाजेने दोन दिवस मवाळ होत्या, त्यांनी मान डोलावली. यज्ञेशने बुधवारपासून रजा टाकली आणि मुलुंडलाच मुक्काम ठोकला. दोन दिवसांत सहा लाडू आणि अगणित पोळ्या त्याच्या पोटात गेल्या.

शुक्रवारी सकाळी सातला गंधाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मला वाटतं, हे खरं आहे."

आणि मग, सांगायला आनंद वाटतो, अर्धा दिवस सगळं आखल्यासारखं झालं. यज्ञेशने तिची पाठ कोरडी पुसली आणि चार चकत्या चिकटवल्या. कळ आली, तिने बूस्ट दाबलं, डोळे मिटले, आणि मिनिटभराने उघडले.

"कसं वाटतंय?"

"दुखतंय. पण मुंगळे पण आहेत." तिने विचार केला. "मुंगळे बरे आहेत, यार. राहू देत."

आयुष्यात यज्ञेशची एवढी स्तुती कोणी केली नव्हती. दर वीस मिनिटांनी तो 'हो' दाबायचा आणि तोंडानेही "हो" म्हणायचा. ॲम्ब्युलन्सला फोन करायचं धाडस कोणात उरलं नव्हतं, म्हणून अकरा वाजता तिघं रिक्षाने निघाले. गंधाली मध्ये, आई एका बाजूला, मशीनचा ऑपरेटर यज्ञेश दुसऱ्या.

दुपारी तीन वाजता तिला प्रसूतीच्या खोलीकडे नेलं. दारात मधुवंती सिस्टर होत्या.

"एकच जण. कोण?"

यज्ञेशने एक पाऊल पुढे टाकलं. सुलक्षणाबाईंनीही टाकलं. दोघं दारात खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"आई," गंधाली म्हणाली.

"अगं पण मशीन..." यज्ञेश म्हणाला. "त्याला माझा फोन लागतो. दर वीस मिनिटांनी..."

गंधालीने त्याचा हात धरला. एक कळ येऊन जाईपर्यंत धरून ठेवला. मग म्हणाली, "तू आत आलास तर तुझं तोंड बघून मी तुलाच धीर देत बसेन. मला ओळखतोस ना? आज मला तेवढं नाही रे जमणार."

हे खरं होतं. त्याने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"मग फोन द्या," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "माझा घाईत घरी राहिला. उघडायचा आकडा काय?"

"चार वेळा शून्य," तो पुटपुटला.

"चार वेळा शून्य," मधुवंती सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं. मशीन आत गेलं, फोन आत गेला, सासूबाई आत गेल्या. दार लागलं.


आवृत्ती चार

(काहीही नाही. आखणी करायला लागतो तो फोन आत होता.)


चार वाजता श्यामसुंदरराव बोरिवलीहून आले आणि बाकावर बसले.

"तू बाहेर?"

"हो."

"फोन लावत होतो. एकदा कोणी बाई म्हणाली, 'आत्ता नको, मुंगळे चालू आहेत.'"

"फोन आत आहे."

श्यामसुंदररावांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाप म्हणून त्यांना कधी कधी दया यायची. यज्ञेशने मनगटाकडे पाहिलं, तिथे घड्याळ नव्हतं. खिशात हात घातला, तिथे फोन नव्हता. खोलीच्या दाराला काचही नव्हती. दारामागे ती दोन माणसं होती, नाही, तीन होणार होती, आणि त्यांच्याबद्दल त्याला कण्हण्याखेरीज काही कळत नव्हतं. मग तेही थांबलं. तो उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला.

सव्वापाचला श्यामसुंदररावांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला.

"ग्रुपवर मेसेज आहे. 'मुलगी झाली. पाच वाजून सात मिनिटं. दोन किलो नऊशे. दोघी छान.'" मग त्यांनी भुवया उंचावल्या. "तूच टाकलाय."

"मी?"

"तुझं नाव आहे. थांब, अजून एक आला. 'मी सुलक्षणा लिहिते आहे. यज्ञेश बाहेर बाकावर आहेत, त्यांना कोणीतरी सांगा.'" श्यामसुंदररावांनी चष्मा काढला. "तर मी सांगतो. तुला मुलगी झाली."

यज्ञेश हसला की रडला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. तेवढ्यात दार किंचित उघडलं.

"यज्ञेश कोण?"

"मी," तो म्हणाला. "मुलीचा बाबा."

"ते कळलं. फोनचं चार्जिंग संपत आलंय, आजीबाईंना फोटो काढायचेत. चार्जर आहे?"

चार्जर पिशवीत होता, नवाकोरा. मधुवंती सिस्टरनी हात पुढे केला. यज्ञेशने चार्जर छातीशी धरला. आयुष्यात पहिल्यांदा, काही न आखता, तो म्हणाला, "याची पिन सैल आहे. मलाच लावावी लागते."

सिस्टरनी चार्जरकडे पाहिलं. मग त्याच्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा." एका हातात चार्जर, दुसऱ्या हाताने घाईघाईत चपला उपसत तो आत शिरला.

आत उजेड होता. गंधाली थकून हसत होती आणि तिच्या छातीशी एक लालबुंद, वैतागलेलं, मूठभर तोंड होतं. यज्ञेश त्याच्याकडे बघतच राहिला. सुलक्षणाबाईंनी नातीवरची नजर न काढता मागे हात केला. "आणलात? द्या."

त्याने दिली. ती त्याची उजव्या पायातली चप्पल होती.