वज्रठोशाचा ठोसा परत आणताना

"एकदा, फक्त एकदा तो लेखक माझ्यासमोर येऊ दे! पाच मिनिटांत सरळ करतो की नाही बघा!"

ही घोषणा नळीबहाद्दर दर रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये, आडव्या टाकलेल्या टायरवर उभा राहून करत असे. आणि दर रविवारी गॅरेजवाला गाडीखालून हात बाहेर काढून म्हणत असे, "आधी तो पाना दे."

नळीबहाद्दर हे नाव गॅरेजवाल्यानेच ठेवलेलं. गडी दाताच्या दवाखान्यात मदतनीस होता. डॉक्टर दात कोरत असताना पेशंटच्या तोंडात जी लाळ साचते, ती ओढून घेणारी एक नळी असते. ती धरायची, हे त्याचं काम. डॉक्टर म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. दवाखान्यात तिला 'मॅडम' म्हणायचं, घरी 'ताई' म्हणायचं, आणि दोन्हीकडे मुकाट ऐकायचं, असा दोघांमधला करार होता.

पण नळी हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग झाला. जीव होता तो वज्रठोशात! वज्रठोसा म्हणजे दरमहा निघणाऱ्या चित्रकथेचा नायक. छाती कपाटाएवढी, मूठ कलिंगडाएवढी आणि बोलणं अगदी माफक. जुन्या लेखकाच्या काळात त्याच्या तोंडी तीनच वाक्यं असत. "थांब!" "नाही थांबत?" "घे मग!" तिसऱ्या वाक्यानंतर दोन पानं भरून ठोसा, आणि खलनायक थेट पुढच्या महिन्यात. वाचक तृप्त, छापखाना तृप्त!

मग जुना लेखक निवृत्त झाला, आणि 'आजच्या वाचकाला आवडेल असं काहीतरी' लिहायला मालकांनी एक नवा लेखक आणला. आजच्या वाचकाला कुणीही विचारलं नव्हतं, पण ते असो. नव्या लेखकाने पहिल्याच अंकात वज्रठोशाला खिडकीत बसवून विचार करायला लावला. दुसऱ्या अंकात खलनायक पूल पाडत असताना वज्रठोसा कठड्यावर बसून वडिलांची आठवण काढत होता. चार पानं! पूल पडला, पण आठवण संपेना. तिसऱ्या अंकात समोरून रणगाडा आला, तर पठ्ठ्या रणगाड्याला म्हणाला, "तू असा का झालास, हे मला समजून घ्यायचंय."

त्या दिवशी गॅरेजमध्ये कुणी चहासुद्धा घेतला नाही.

"संपला आपला माणूस," गॅरेजवाला ग्रीसने माखलेल्या हातांनी डोळे पुसत म्हणाला. त्यामुळे तो पुढचे दोन दिवस रंगमंचावरच्या राक्षसासारखा दिसत होता.

"संपला नाही. संपवलाय!" नळीबहाद्दर कडाडला. "आणि मी गप्प बसणार नाही!"

गप्प बसायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी नशीब धावून येतं. नळीबहाद्दराच्या बाबतीत ते सुजलेला गाल घेऊन आलं.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर एक किडकिडीत गृहस्थ गालाला रुमाल लावून बसले होते. दुसऱ्या कानाला फोन. नळीबहाद्दर हत्यारांचा ट्रे घेऊन तिथून चालला होता, तेवढ्यात कानावर पडलं, "नाही हो संपादकसाहेब! वज्रठोसा शपथ घेणारच! यापुढे ठोसा नाही म्हणजे नाही. मूठ कायमची उघडी!... हो, गोष्ट उद्या सकाळी पाठवतो. आधी ही दाढ उपटून घेतो."

ट्रे खाली पडला. चिमटे, आरसे, पकडी सगळीकडे पसरल्या.

"काय रे?" आतून मॅडम ओरडल्या.

"काही नाही मॅडम! ट्रे निसटला!"

नुसता ट्रे नव्हे, सगळा वज्रठोसाच हातातून निसटत होता. मूठ कायमची उघडी! म्हणजे वज्रठोसा यापुढे काय करणार, टाळ्या वाजवणार? आणि गोष्ट उद्या सकाळी जाणार! जे काही करायचं ते आज, आत्ता, या खुर्चीत!

लेखकमहाशय खुर्चीत आडवे झाले. मॅडमनी दाढ पाहिली, सुई टोचली, आणि सगळ्यांना सांगतात ते त्यांनाही सांगितलं, "तोंडात काही असताना बोलता येत नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा. आम्ही लगेच थांबतो." मग भावाकडे वळल्या, "भूल चढेपर्यंत यांच्याशी जरा गप्पा मार. मी पलीकडे आजोबांचं बघते. त्यांची नवी कवळी इतकी घट्ट बसलीय की ते तोंडच उघडायला तयार नाहीत."

दार बंद झालं. नळीबहाद्दराने तोंडावरचा मास्क नाकाखाली ओढला.

"लेखकसाहेब! वज्रठोसा लिहिणारे ते तुम्हीच ना?"

लेखकाचा चेहरा उजळला. वाचक भेटला की लेखकाची दाढसुद्धा दुखायची थांबते. "हो, मीच. वाचता तुम्ही?"

"वाचतो? पारायणं करतो! आ करा बघू. अजून. अजून थोडा." आणि तोंड उघडं ठेवायचा रबरी ठोकळा त्याने खटकन दोन दाढांच्या मध्ये सरकवला. तो ठोकळा तेव्हा लागणार नव्हता. पण वादात समोरच्याला बोलूच दिलं नाही तर मुद्दे किती भराभर पुढे सरकतात, हे त्याला घरी लहानपणापासून ठाऊक होतं. तिथे ठोकळा ताईकडे असायचा.

"हां, तर मुद्दा असा की," तो नळी परजत म्हणाला, "तुम्ही आमच्या माणसाचं मातेरं केलंत!"

"आं?"

"बदलायचा तर बदला हो! पण कारण द्या! काल 'घे मग' म्हणणारा माणूस आज रणगाड्याची चौकशी करतो, मधे झालं काय? जिन्यावरून पडला? डोक्यावर कुंडी पडली? बरं, विचार करायचा तर करू दे. पण पूल पडायच्या आधी कर ना बाबा! किंवा नंतर! पूल पडत असताना कोण वडिलांची आठवण काढतं?"

मुद्दे बरे होते, हे मान्य केलं पाहिजे. पण मुद्द्यांच्या भरात नळी लेखकाच्या जिभेला जाऊन चिकटली. फुरर्र असा आवाज झाला आणि लेखकाचा डावा हात वर गेला.

डावा हात म्हणजे दुखतंय! हा नियम नळीबहाद्दराला झोपेतसुद्धा पाठ होता. पण त्या घटकेला तो मदतनीस नव्हताच. तो वाचक होता. आणि चिडलेल्या वाचकाला समोरच्याचं फक्त पटलेलं दिसतं.

"पटलं ना?" तो आनंदाने म्हणाला. "मला वाटलंच होतं, तुम्ही समजूतदार आहात! मग ती शपथ रद्द?"

जीभ आणखी आत ओढली गेली. दोन्ही हात वर!

"दोन्ही हात? एवढं पटलं?"

आता लेखक हवेत बोटं नाचवून काहीतरी लिहून दाखवायला लागला. कागद द्या, पेन द्या, अशा खुणा करायला लागला.

"सही नंतर हो! त्यासाठी नाही बोलतोय मी!" नळीबहाद्दर विनयाने म्हणाला. "आधी तुम्हाला खरा ठोसा कसा असतो ते दाखवतो. जुन्या अंकातला. बघा, असा पाय मागे..."

मागे गेलेला पाय खुर्चीच्या पेडलवर पडला. खुर्ची गुरगुरली आणि लेखकाचं डोकं खाली, पाय वर अशी हळूहळू मागे कलंडायला लागली. "...अशी मूठ वळली, आणि..." मूठ सणसणत वरच्या दिव्यावर बसली. दिवा गर्रकन फिरून थेट लेखकाच्या डोळ्यांवर आला.

"थांब!" नळीबहाद्दर गरजला. "नाही थांबत? घे मग!"

दार उघडलं. मॅडमना जे दिसलं ते असं. पेशंटचे पाय छताकडे, जीभ नळीत, डोळे दिव्यात, दोन्ही हात शरण आल्यासारखे वर, आणि त्यांचा धाकटा भाऊ त्याच्यावर मूठ उगारून उभा.

"गप्पा मारायला सांगितलं होतं मी," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या. ताई शांतपणे बोलली की घरातली मांजरंसुद्धा कपाटाखाली जातात.

दाढ निघाली. मॅडमनी माफी मागितली, पुन्हा मागितली, जाताना जिन्यापर्यंत मागितली. तोंडात कापसाचे बोळे कोंबलेला लेखक एक शब्दही बोलू शकला नाही. फक्त दारात थबकला आणि त्याने नळीबहाद्दराला नखशिखांत न्याहाळलं. नाकाखाली घसरलेला मास्क, कानामागे खोचलेलं पेन, हातातली नळी, सगळं!

"त्यांनी तक्रार केली ना, तर तुझी नळी काढून घेईन आणि दुसरीकडे काम शोध म्हणेन," मॅडम म्हणाल्या. "भाऊबिऊ काही बघणार नाही."

पण नळीबहाद्दर तरंगत होता. रविवारी तो टायरवर चढला आणि म्हणाला, "मित्रहो, काम फत्ते! दोन्ही हात वर करून कबूल केलंय त्याने! आणि जाताना अशा नजरेनं बघितलं माझ्याकडे... आपला माणूस परत येतोय!"

"पाना दे," गॅरेजवाला म्हणाला. पण या वेळी त्याच्या आवाजात आदर होता.

तक्रार आली नाही. पुढच्या महिन्यात अंक आला.

मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वज्रठोसा विरुद्ध नळासुर!' आणि खाली नाकाखाली घसरलेला मास्क, कानामागे पेन आणि हातात अजगराएवढी नळी घेऊन, दात विचकून हसणारा खुद्द नळीबहाद्दर!

नळासुर हा भयंकर खलनायक होता. तो भल्या माणसांना खुर्चीत बांधायचा, तोंडात ठोकळा घालायचा आणि ती हात वर करेपर्यंत त्यांना भाषण द्यायचा. भाषण तीन पानं होतं आणि 'हां, तर मुद्दा असा की' पासून शब्दन् शब्द छापलं होतं. कुंडीसकट! चौथ्या पानावर नळासुराने वज्रठोशालाच खुर्चीत पकडलं. वज्रठोशाने त्याला आधी समजून घ्यायचा प्रयत्न केला. नळासुर बोलतच राहिला. वज्रठोशाच्या कपाळावर शीर उभी राहिली. हळूहळू मूठ वळली.

"थांब!"

नळासुर थांबला नाही.

"नाही थांबत?"

नळासुर म्हणाला, "अजून एक मुद्दा..."

"घे मग!"

दोन पानं भरून ठोसा! चित्रात नळासुराचे दात खिडकीतून बाहेर जाऊन पलीकडच्या इमारतीच्या भिंतीत रुतले होते.

गॅरेजमध्ये जल्लोष उसळला. गॅरेजवाला बॉनेटवर चढून नाचला, बॉनेटला पोचा आला, तरी नाचतच राहिला. "काय ठोसा आहे! काय खलनायक आहे! बघूनच हाणावासा वाटतो!"

"तो मी आहे," नळीबहाद्दर बारीक आवाजात म्हणाला.

"म्हणूनच!"

त्याच आठवड्यात लेखक दाढेची जखम भरली का ते दाखवायला आला. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण लेखकाने पिशवीतून नवा कोरा अंक काढला आणि नळीबहाद्दराच्या हातात ठेवला. "तुमच्यासाठी आणलाय. खरं सांगू? माणसाला दुसऱ्याला ठोसा का मारावासा वाटतो, हे मला कधी कळायचंच नाही. त्या दिवशी कळलं. मनापासून आभारी आहे." यावर मॅडमना खोकल्याची उबळ आली आणि त्या शेजारच्या खोलीत जाऊन बराच वेळ खोकत राहिल्या. त्या खोकल्यात मधूनमधून हसू ऐकू येत होतं.

पहिले दोन दिवस नळीबहाद्दर तोंड लपवून फिरला. तिसऱ्या दिवशी एका पेशंटने भीतभीत विचारलं, "तुम्ही... नळासुर?" आणि त्याची मान आपोआप ताठ झाली. आठवड्याभरात तो आरशासमोर नळासुराचं हसू घोटवायला लागला. पंधरवड्यात मास्क मुद्दाम नाकाखाली घ्यायला लागला. वज्रठोसा ठीकच आहे, पण त्याच्या तोंडी तीन वाक्यं. आपल्याला तीन पानं! अभ्यासू माणूस आहे नळासुर. मुद्देसूद! पुढच्या अंकात तो तुरुंग फोडून येणार आणि नळी दुप्पट मोठी करणार, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

पुढचा अंक आला. नळासुर तुरुंगाच्या दवाखान्यात पडला होता. तोंडाला पट्ट्या. खिडकीतून बाहेर बघत होता. विचार करत होता! आणि शेवटी वज्रठोशाचा हात धरून हमसाहमशी रडत म्हणाला, "माझं कधी कुणी ऐकूनच घेतलं नाही रे. म्हणून मी लोकांची तोंडं बंद करत होतो."

नळीबहाद्दर अंक घेऊन धावत सुटला तो थेट गॅरेजमध्ये.

"वाचलंस? वाचलंस हे?" तो टायरवर चढून किंचाळला. "वाट लावली! अख्ख्या व्यक्तिरेखेची वाट लावली! नळासुर रडेल? नळासुर? तो असा नाहीच आहे! कारण तरी द्या! मी गप्प बसणार नाही!"

गाडीखालून पान्याचा आवाज आला नाही. हुंदका आला. मग गॅरेजवाला हळूच बाहेर सरकला. छातीवर तोच अंक, डोळ्यांत पाणी, गालांवर ग्रीस.

"इतकं सुंदर आजवर कुणी लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"सुंदर? अरे, नळासुर असं बोलूच शकत नाही! मला विचार ना!"

गॅरेजवाल्याने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. होती ती निव्वळ कीव.

"तुला काय विचारायचं?" तो नाक पुसत म्हणाला. "तू फार वरवर वाचतोस रे. तुला नळासुर कळलेलाच नाही."