वाटीतली चकती

"जावईबापू, हलू नका. तुमच्या डोळ्याचं काहीतरी बाहेर आलंय."

पंच डोळे किलकिले करत उठून बसले. उशीवर नखाएवढी, काचेसारखी चकती पडली होती. त्यांचा हात डाव्या डोळ्याकडे गेला, तो सासूबाईंनी वरच्यावर धरला.

पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. गेल्या मोसमात धावताना चष्मा पडला आणि तो सापडेपर्यंत दोन गोल झाले. म्हणून पाच दिवसांपूर्वी त्यांनी लेझर करून घेतलं. पुढच्या महिन्यातल्या अंतिम सामन्यात त्यांना चष्म्याशिवाय उतरायचं होतं. बुबुळावरची पातळ कातडी काढलीय, ती पाच दिवसांत नवी येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. त्या आणखीही बरंच बोलल्या, पण ते बायकोने ऐकलं होतं आणि बायको आता ऑफिसात होती.

"ही तुमची नवी कातडी," सासूबाई म्हणाल्या. "रुजलीच नाही."

"परत चिकटवतील?"

"तुटलेलं बोट चिकटवतात. हे तर केवढंसं."

त्यांनी चकती वाटीभर पाण्यात सोडली आणि वर बशी झाकली. पंचांनी स्कूटर काढली.

"खड्डे चुकवा हो, अर्धं पाणी माझ्या मांडीवर आलं."

"चुकवतोच आहे. हा टेम्पोवाला बघा कसा आडवा घुसला. चार सात एक आठ. लक्षात ठेवा आई, तक्रार करतो त्याची."

डॉक्टरबाईंनी आधी वाटीत पाहिलं, मग यंत्रातून डोळ्यात.

"ही लेन्स आहे. जखमेवर पट्टी म्हणून बसवली होती. आज मी काढणारच होते."

"आणि कातडी?"

"चहूबाजूंनी सरकत येऊन मध्ये मिळालीय. सुरेख भरलाय डोळा. वाचा बघू तो तक्ता."

पंच इतके धास्तावले होते, की त्यांनी तक्त्याकडे नीट पाहिलंच नाही. "काही दिसत नाही. संपला माझा सामना."

"काय सांगता," सासूबाई उसळल्या. "मघाशी पळत्या टेम्पोचा नंबर घडाघडा वाचलात की."

पंचांनी मान वर केली. वरची ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी अडखळत वाचली आणि खुर्चीतून उठलेच.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टेम्पो कुठे भेटला? गाडी कोण चालवत होतं?"

सासूबाईंनी जावयाकडे बोट दाखवलं. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. पंचांनी किल्ली दिली.

बाहेर येऊन सासूबाईंनी लेकीला फोन लावला. "अगं, डोळे छान आहेत. तू फक्त आम्हाला न्यायला ये. नाही, स्कूटर चांगली आहे. डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलीय."